‘बायकाच येत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

कॅन्सर तपासणीचं शिबिर ओस पडलं की आयोजकांचं उत्तर ठरलेलं असतं : बायकाच येत नाहीत, त्यांच्यात जागृतीच नाही. दोष बाईच्या माथी मारायचा, मंडप उतरवायचा, वर अहवाल पाठवून मोकळं व्हायचं. अशांनी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात काय झालं ते जरूर वाचावं.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘विटनेस प्रोजेक्ट’ उभा राहिला. कृष्णवर्णीय बायका मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीला, येत नव्हत्या. कशा येतील? अमेरिकेतल्याच टस्कीगी गावात सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता न्याहाळला. कृष्णवर्णीय हेन्रिएटा लॅक्स १९५१मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या. हे सोसलेल्या समाजातल्या बायका एक पत्रक वाचून रांगेत उभ्या राहतील, ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून प्रकल्प चर्चमध्ये गेला. तिथे बोलायला उभ्या राहिल्या त्याच समाजातल्या, कॅन्सरमधून वाचलेल्या बाया. त्यांनी आपलं दुखणं नाव घेऊन सांगितलं. स्तनाची प्रतिकृती हातोहात फिरवून गाठ बोटांना कशी लागते ते दाखवलं. सुरी आणि हवा लागली की कॅन्सर पसरतो, हा समज तिथेही आहे. आपल्याकडे ‘सुई टोचू नका, गाठ पसरेल’ म्हणतात, तसाच. ऑपरेशन झालेली बाई धडधाकट समोर उभी राहिली, की तो समज ढिला पडतो. या कार्यक्रमांनंतर मॅमोग्राफी करून घेणाऱ्या बायका वाढल्या.

पण नुसतं चर्च पुरत नाही. गरीब बायकांच्या तपासणीचा कायदा अमेरिकेने १९९०मध्ये केला. निदान झालेल्यांच्या उपचारांचा कायदा यायला २००० साल उजाडलं. आजही कृष्णवर्णीय बायकांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या बायकांपेक्षा किंचित कमी होतो, तरी त्याने होणारा मृत्युदर त्यांच्यात सुमारे ४० टक्के जास्त आहे. बाई दारापर्यंत आली. पुढचं काम व्यवस्थेचं होतं.

आता आपल्याकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांतल्या दोघींनीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी करून घेतलेली नाही. स्तनाच्या तपासणीत तर आकडा एकही भरत नाही. मग मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या मोहल्ल्यांत लेडी डॉक्टर नसलेलं शिबिर भरवायचं आणि ‘येत नाहीत’ म्हणायचं, हे बंद करा.

मौलानासाहेब, फादर, भंतेजी, तुमचा शब्द लोक मानतात. जुम्म्याच्या नमाजाला बहुतेक पुरुषच असतात. त्यांनाच सांगा की बायकोला, आईला, बहिणीला तपासणीला घेऊन जा. बायकांच्या इज्तेमात, चर्चच्या महिला मंडळात, विहारात बरी झालेली बाई बोलू द्या. मुलींची लग्नं अडतील या भीतीने घरोघरी हा आजार लपवला जातो. ती भीती तुम्हीच मोडू शकता.

आणि आरोग्य खात्याने आधी बाई डॉक्टर, आडोसा, तारीख आणि गाठ निघाली तर पुढच्या उपचारांची सोय पक्की करावी. हे सगळं हाताशी ठेवूनच मशिदीच्या, चर्चच्या, विहाराच्या दारी जावं. एकदा विश्वास उडाला, तर पुढच्या शिबिराला एकही बाई फिरकणार नाही.