सिनिअर पेशंट

फिजिओथेरपीच्या क्लिनिकात पहिल्यांदा जाणाऱ्याची तपासणी दोनदा होते. दुसरी फिजिओथेरपिस्ट करते. पहिली बाहेरच्या बाकावरच उरकलेली असते, आणि ती करणारा असतो सिनिअर पेशंट. नोकरीतून निवृत्त, खांदा आखडलेला, जीभ मात्र पूर्ण मोकळी.

"फ्रोजन शोल्डर ना? कितवी स्टेज?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग तो समजावतो : खांदा आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो. या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं, कधी त्याहून जास्त. हे तो इतक्या उत्साहानं सांगतो, की आपण आजारी पडलो नसून कॉलेजात ॲडमिशन घेतली आहे असं वाटावं.

डोंबिवलीतल्या आमच्या क्लिनिकात हे पद काकांकडे आहे. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि निम्मे पेशंट गुडघ्याचे. जिन्यात कण्हण्याचा आवाज आला की काका वरून आज्ञा सोडतात, "चढताना चांगला पाय आधी! उतरताना दुखरा!" नियम अगदी बरोबर आहे. पंचाईत एवढीच, की दोन्ही गुडघे गेलेल्या आजी तिथेच थबकतात आणि त्यातल्या त्यात चांगला कोणता, याचा विचार करत बसतात.

जुने रिपोर्ट आणलेत का, एक्स-रे कुठाय, गुडघा दाखवायचा तर ही घट्ट जीन्स कशाला, ही चौकशीही काकाच करतात. आत मॅडम विचारतात, "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" नवा पेशंट बिचकत "आठ" म्हणतो. लगेच पडद्यापलीकडून आवाज येतो, "आठाला माणूस असा बोलत नाही. पाच लिहा, मॅडम." त्या काही न बोलता गोनिओमीटर लावून हात किती अंश वर जातो ते मोजतात. त्या आकड्यात मात्र घासाघीस चालत नाही.

यंत्रांबाबत काकांची मतं ठाम आहेत. आयएफटी त्यांचं लाडकं. दुखऱ्या भागाभोवती चार पॅड लावतात, करंट सुरू झाला की मुंग्या आल्यासारखं होतं, आणि काका डोळे मिटून म्हणतात, "वाढवा थोडा." जास्त करंट म्हणजे जास्त गुण नव्हे, हे मॅडम रोज सांगतात आणि काका रोज नव्यानं ऐकतात. अल्ट्रासाउंडवर त्यांचा विश्वास नाही. गार जेल लावून नुसता गोल गोल फिरवतात, कळत काहीच नाही. जे लागत नाही ते लागू पडणार कसं? शेजारच्या खाटेवर डायथर्मी सुरू व्हायची असली, तर अंगठी, पिना, मोबाइल बाजूला काढले का आणि पेसमेकर तर नाही ना, हे मॅडमच्या आधी काका विचारतात.

दहा-पंधरा मिनिटांनी यंत्र बंद होतं आणि ज्यासाठी आलो ती गोष्ट सुरू होते : व्यायाम. यंत्रानं दुखणं थोडं शमलं तर शमतं. सांधा सुटायचा तो हलवण्यानं, आणि तेही रोज घरी. "काका, घरी केला ना व्यायाम?" या प्रश्नाला क्लिनिकात कोणीच खरं उत्तर देत नाही, पण काकांची उत्तरं साहित्यिक असतात. काल पाहुणे होते, परवा चतुर्थी होती, त्याआधी हवा दमट होती.

मॅडम साडेचार वर्षांचं बीपीटी करून आलेल्या, वयानं काकांच्या मुलीहून लहान. काकांवरचा इलाज अभ्यासक्रमात नव्हता. तो त्यांनी स्वतः शोधला. एके दिवशी त्या म्हणाल्या, "काका, मी एकटी पडते हो. नव्या लोकांना जरा करून दाखवाल?"

काका उठलेच. कमरेत वाकून, हात सैल सोडून गोल फिरवला. भिंतीवर बोटं चालवत वर नेली. पुलीची दोरी ओढली. "बघा, असं. अहो असं नाही, असं! पुन्हा बघा." एकेकाला दहा-दहा वेळा. समोर चार शिकाऊ असले की गुरुजींचे चाळीस होत. ज्याला जमत नसे त्याच्यासाठी आणखी दहा.

महिन्याभरानं मॅडमनी पुन्हा कोन मोजला. नव्वद अंशांवर अडकलेला हात एकशे चाळीसपर्यंत गेला होता. काकांनी आकडा स्वतः चष्मा लावून वाचला आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलंत? हा करंटचा गुण! व्यायामबियाम सगळं तुम्हा नवख्यांसाठी."

मॅडमनी गंभीरपणे मान डोलावली आणि त्यांच्याकडे आणखी दोन नवे पेशंट सोपवले.