उन्हानं गेलेला, थंडीत अडलेला

मोडनिंबात कशालाही कारण ऊनच. बोअर आटलं, ऊन. पोरगं नापास झालं, पेपर भर उन्हात होते. म्हणून आमचा जुना कॉम्प्युटर ऐन पौषात, स्वेटर घालून बसावं अशा सकाळी बंद पडला, तेव्हा गल्लीतले जाणकार जरा गडबडले.

कॉम्प्युटर पुराणातलाच. कुर्डुवाडी-पंढरपूरचे बार्शी लाइटचे अरुंद रूळ जाऊन मोठी गाडी आली, साधारण त्या सुमाराचा. सकाळी बटण दाबलं की पंखा जरासा हलून थांबायचा. दुपारी पत्रा तापला की मुकाट सुरू. सरकारी कचेरीतनं आलाय का हो हा, असं बायकोनं विचारलं.

दुरुस्तीवाल्या पोरानं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, काढला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "काका, ह्यो उन्हानंच गेलाय." गल्लीनं सुटकेचा श्वास सोडला.

हात मात्र लावू दिला नाही. आत 230 व्होल्टचं 320च्या आसपास डीसी होतं आणि पिन काढली तरी मोठ्या कंडेन्सरांत ते दबा धरून बसतं. त्यानं ते बल्बमधून उतरवलं, मग बोट दाखवलं. स्टँडबायच्या 5 व्होल्टच्या लाइनीवरचे कंडेन्सर माथ्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग, शेजारी बोर्ड करपलेला. कॉम्प्युटर बंद असला तरी पिन लावलेली असेपर्यंत ही लाइन चोवीस तास जागी. म्हणून आधी हीच थकते.

"पण मग थंडीत का अडतो?"

कंडेन्सरवर 105 अंश, 2000 तास असं काही लिहिलेलं असतं. उष्णता दहा अंशांनी उतरली की आयुष्य ढोबळमानानं दुप्पट, चढली की निम्मं. आमच्याकडं मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर, त्यात प्रोसेसरनं तापवलेली हवा हा डबा वर बसून ओढणार. आतला द्रव सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो. उरलासुरला द्रव गारठ्यात आणखीच अडून बसतो, ऊब मिळाली की निभावून नेतो. म्हणजे मारलं उन्हानं आणि उठायलाही ऊनच पाहिजे. असा स्वाभिमानशून्य आजार मी दुसरा पाहिला नाही.

त्यानं तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे, 105 अंशांचेच कंडेन्सर घातले. 85वाले स्वस्त मिळतात, पण मोडनिंबात ते कशाला घालायचे? तडकलेले टाके पुन्हा भरले, पंख्याच्या सुकलेल्या बुशात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. पहिल्यांदा सिरीज बल्बवर लावला. बल्ब लखलखीत पेटला असता तर शॉर्ट. तो चमकून मंदावला. हिरवी वायर काळीला जोडताच पंखा फिरला.

जाताना सांगून गेला, "भिंतीला चिकटवू नका, हवेशीर ठेवा."

घरात हवेशीर जागा एकच, छताच्या पंख्याखालची, माझ्या खुर्चीची. बायकोनं खुर्ची उचलली. मी हरकत घेतली, तर म्हणाली, "तो 105चा आहे. तुमच्यावर कुठं काही लिहिलंय?"