डीन नको, सही पाहिजे

९ ऑक्टोबर २०२४. विधानसभेची आचारसंहिता दारात उभी. दूरदृश्य प्रणालीवर एकाच सोहळ्यात महाराष्ट्राला दहा सरकारी मेडिकल कॉलेजं मिळाली. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. एमबीबीएसच्या ९०० जागा. पोरांचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच की नवं कॉलेज उभं करणारा माणूस, म्हणजे डीन, आपण शोधतो कधी? आपल्याकडे वऱ्हाड मांडवात येऊन बसतं, मग नवरदेवाची चौकशी सुरू होते. नाहीच सापडला तर शेजारच्या कॉलेजातला एक 'अतिरिक्त कार्यभार' देऊन उभा करतात.

समजा, सापडला. पंचवीस वर्षं शिकवलेला, हाताला गुण असलेला सर्जन. त्याच्या हातात काय देतो? इमारत बांधणार सार्वजनिक बांधकाम विभाग. औषधं, यंत्रं घेणार खरेदी प्राधिकरण. जागा जिल्हाधिकारी दाखवतील तिथं. कायम प्राध्यापक एमपीएससीकडून येतील तेव्हा येतील, तोवर कंत्राटी. रुग्णालय म्हणाल तर जिल्हा रुग्णालयच, आणि तिथं सिव्हिल सर्जन आधीपासून खुर्चीत. शंभर जागांना ४२० खाटा लागतात. त्या मोजायला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची माणसं आली की जबाबदार कोण? डीन! अध्यापकांची हजेरी कमी भरली, नोटीस कुणाच्या नावे? डीनच्या. अधिकार सगळ्यांना वाटून झाल्यावर ताटात उरते ती सही.

हे असंच चालतं असं म्हणू नका. मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं. देणगीदारांनी अट घातली होती की शिकवणारे भारतीय हवेत आणि सरकारी नोकरीतले नकोत. त्या काळात ही अट घालायला छाती लागत होती. कॉलेज उघडण्याच्या आधीच, १९२५ मध्ये, डीन आला: डॉ. जीवराज मेहता. लंडनचे एम.डी., बडोदे संस्थानात मुख्य वैद्यकीय अधिकारी राहिलेले, गांधीजींचे डॉक्टर. पुढे सुमारे सतरा वर्षं ते तिथंच होते. आज हा गृहस्थ अर्ज करता तर पहिल्या छाननीतच बाद. राजकीय ओढा संशयास्पद!

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं विल्यम वेल्चला नेमलं १८८४ मध्ये. वैद्यकीय शाळेत पहिला विद्यार्थी आला १८९३ साली. मधली नऊ वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली नाहीत. त्यात ऑस्लर, हॉल्स्टेडसारखे नामांकित डॉक्टर गोळा झाले. वेल्च त्या शाळेचा पहिला डीन.

आम्ही नऊ वर्षं मागत नाही, एक द्या. पहिली बॅच येण्याआधी डीन येऊ दे. निवड समितीत त्याचं मत चालू दे, खरेदीच्या यादीवर त्याचा शब्द चालू दे, आणि किमान पाच वर्षं त्याची बदली करू नका. हे जमत नसेल तर जाहिरात तरी खरी छापा. पद: सहीकर्ता. अधिकार: निरंक. पात्रता: नोटिशीला तीन दिवसांत उत्तर लिहिता येणं. अर्ज भरपूर येतील.