रा. रा. ग्रेसाहेब यांस अनावृत पत्र

मुक्काम : दुकानातला वरचा पिंजरा



आपल्याला घरी आणायचा ठराव आमच्याकडे बहुमतानं मंजूर झाला आहे. विरोधी मत एकच, केर काढणाऱ्याचं, म्हणजे माझं. देशी राघूची सोय नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला पाळणं गुन्हा. आपण पडलात आफ्रिकेचे राखाडी पोपट, तेव्हा सरकारदरबारी नोंद केली की आपल्याला खुशाल कोंडता येतं.

तरी स्थळाची चौकशी करायचीच. आपल्या घराण्याचा इतिहास फारसा बरा नाही. १९२९-३० साली आपले दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद जहाजानं देशोदेशी गेले आणि सोबत सिटॅकोसिसचा ताप घेऊन गेले. अखेर जानेवारी १९३०मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी अमेरिकेत पोपटांची आयातच थांबवली. या तापाचा जिवाणू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाच्या छातीत शिरतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. डॉक्सिसायक्लिननं बरं वाटतं, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना सांगायला हवं, ते आपणहून विचारतीलच असं नाही. आणि आपण बाधा असूनही ठणठणीत दिसू शकता! आजार लपवण्यात पक्ष्यांचा हात कोणी धरणार नाही.

परवा दुकानातल्या पोऱ्यानं आपला ट्रे कोरड्या कुंच्यानं खरवडला. कवडशात धूळ तरंगत होती आणि तो तोंड उघडं टाकून गिऱ्हाइकाला भाव सांगत होता. ट्रे आधी ओला करावा, एवढं आपणच त्याला शिकवा; बोलता येतं ना?

पुढे आपण पंख झटकलेत आणि माझ्या काळ्या पँटवर पांढरी भुकटी बसली. मला खरी धास्ती हिची. हिच्यात जंतू असायची गरजच नाही. निरोगी पक्ष्याच्या पिसांतली नि विष्ठेतली प्रथिनं श्वासातून जात राहिली, की काहींची फुफ्फुसं त्यांच्यावर भडकतात. महिनोन्‌महिने नुसता खोकला, मग दोन जिन्यांत धाप, आणि दुर्लक्ष केलं तर फुफ्फुसात कायमचे व्रण. तिथे मुख्य उपाय एकच, आपली पाठवणी. आमच्या आईला दमा आहे, हे ठराव मांडणाऱ्यांच्या ध्यानात नव्हतं.

आता आमच्याकडचंही ऐका. आमचा नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहतो. तो फार तापला तर त्याच्या वाफेनं आपण काही मिनिटांत गतप्राण व्हाल. संध्याकाळी धूप, रात्री डासांची कॉइल. खायला नुसत्या सूर्यफुलाच्या बिया देऊन आपल्याला अ जीवनसत्त्वावाचून ठेवायचा बेतही शिजतो आहे. नकार कळवायचा असेल तर संकोच नको.

पक्ष्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रिपोर्ट येईपर्यंत कोणाच्याही ओठांतून शेंगदाणा घेऊ नये.

आपला,
(अद्याप न झालेला) पालक

ता. क. : आपण पन्नास वर्षं जगू शकता असं समजलं. माझं वय त्रेपन्न. आपल्याला मृत्युपत्रात कोणाच्या नावे करावं, यावर बहुमतवाले अजून काही बोललेले नाहीत.