गोठ्याला स्पॉन्सर कशाला?

नाताळचा गोठा म्हणजे कुठेच जागा न मिळालेल्या कुटुंबाची गोष्ट. परगावी आलेलं जोडपं, फडक्यात गुंडाळलेलं बाळ, त्याला निजवायला गुरांची गव्हाण. लूकच्या शुभवर्तमानात सजावट म्हणावी असं काहीच नाही. आता त्याच गोठ्यासमोर स्पॉन्सरचा फलक लागतो, धबधब्याला मोटर बसते, धुराचं यंत्र भाड्याने येतं आणि स्पर्धेचे परीक्षक गुण देऊन जातात. बेघर कुटुंबाच्या देखाव्यावर हजारोंनी खर्च करायचा आणि चर्चच्या फाटकाशी बसलेल्या बाईला वळसा घालून आत जायचं, हे मला पटत नाही.

गोठ्याची सुरुवात आठवा. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण मांडली. त्यात गवत भरलं, खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं. त्या बाळाची गैरसोय लोकांनी डोळ्यांनी पाहावी, एवढाच त्याचा हेतू होता. गावात होतं त्यात त्याचं भागलं.

आगमनकाळाच्या चार रविवारी आपण चार मेणबत्त्या लावतो, त्या चक्राचं मूळही असंच गरिबाघरचं. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विखर्न हे पाद्री निराधार मुलांसाठी एक घर चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं भंडावून सोडायची. १८३९ साली विखर्ननी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रोजच्यासाठी छोट्या तांबड्या, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या. रोज एक पेटवायची आणि मुलांनी दिवस मोजायचे. आज तेच चक्र प्लास्टिकच्या पानांसकट तयार मिळतं. ज्यांच्यासाठी ते निघालं, ती मुलं मात्र त्यातून गळाली.

आता नाताळात घरावर टांगायच्या चांदणीकडे येऊ. बाजारातली प्लास्टिकची चांदणी दोन मिनिटांत टांगून होते. घरची करायला एक संध्याकाळ लागते, आणि खरी गंमत त्या संध्याकाळीच आहे. बांबूच्या दहा सारख्या कामट्या तासून घ्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन पाचकोनी चांदण्या बांधा. एकीवर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळा. मधल्या पाच सांध्यांत बोटभर लांबीच्या काड्या अडकवल्या की चांदणीला पोट येतं. मग कणकेची खळ शिजवायची, पतंगाचा कागद कापायचा आणि एकेक बाजू सैल न पडू देता ताणून चिकटवायची. एक बाजू उघडी सोडायची, नाहीतर दिवा आत जायचा कुठून? खाली झिरमिळ्या. आत एलईडीचा छोटा दिवा लावा, तो फारसा तापत नाही, कागदाला धोका नाही.

हे एकट्याने होत नाही, हीच यातली खरी गोष्ट. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने गाठ मारायची, पोराने खळीत हात बरबटून घ्यायचे. दिवाळीचा आकाशकंदील ज्यांच्या घरी बनतो, त्यांना यात नवं काही नाही, कामटी तीच आणि कागदही तोच. मग शेजारच्या घरातल्या, कंदील बांधण्यात हात बसलेल्या काकांना हाक मारायला कोणाची परवानगी लागते? वसईत काय, गिरगावात काय, ही कला ख्रिस्ती आणि हिंदू, दोन्ही घरांत आहे. विकतच्या चांदणीला कोणाचीच मदत लागत नाही, म्हणून ती टांगताना घरात कोणीच येत नाही.

गोठ्यातली हिरवळ हा माझा लाडका विषय. गोव्यात नाताळाआधी पसरट डब्यात नाचणी पेरतात, हिरवी लव वर आली की डबे गोठ्यात मांडून त्यांचं शेत करतात. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणाऱ्यांना हा सोहळा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मूठभर नाचणी, थोडी माती, रोज पाण्याचा हबका. नाताळनंतर सगळं परसात. याऐवजी विकत आणलेला हिरवा प्लास्टिकचा गालिचा धुळीने माखून माळ्यावर जातो आणि दोन वर्षांनी कचऱ्यात. डोंगर करायला सिमेंटची रिकामी गोणी चुरगाळून रंगवा, झकास डोंगर होतो. थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि येशूच्या जन्माचा देखावा बेकायदा मालातून उभारणं शोभत नाही.

झाड हवंच असेल तर सुरूची पडलेली फांदी आणा. पडलेली म्हटलं आहे, तोडलेली नव्हे. किनाऱ्यावर सुरू लावले ते वारा आणि वाळू अडवायला. दहा दिवसांच्या हौसेसाठी त्यांच्यावर कोयता चालवणाऱ्यांना मी तोंडावर नावं ठेवते आणि यापुढेही ठेवणार.

आता दानधर्माबद्दल. डिसेंबर आला की अनाथाश्रमांत केक घेऊन गटच्या गट येतात. मुलांना रांगेत उभं करतात, टोप्या घालतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात गाडीत बसतात. त्या मुलांचे चेहरे त्यांना न विचारता जगभर फिरतात. हे बंद करा. जायचंच असेल तर फोन खिशात ठेवून जा, कामट्या आणि कागद घेऊन जा, मुलांबरोबर बसून चांदण्या करा. आणि फेब्रुवारीत पुन्हा जा, तेव्हा तिथे गर्दी नसते.

दयेचा नाताळ कसा असतो हे पाहायला लांब जायला नको. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांची ताटं शेजाऱ्यांकडे जातात, हिंदू घरीही जातात, आणि चतुर्थीला त्या घरांतून गोडधोड येतं. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असतं, तिथे कढई चढत नाही. तिथे शेजारी ताट पोचवतात, सणाची वर्दी देतात आणि थोडा वेळ बसतात. याला खर्च किती? काट्याच्या पाठीवर कुलकुलाची गोळी दाबून वळवायला चार जण बसलेच आहेत, त्यात एका घरचं जास्त करायचं. एवढं सोपं काम आपण का सोडलं, याचं उत्तर मला सापडत नाही. मिठाईच्या दुकानातला तयार डबा कुरियरने पाठवणं म्हणजे तेच काम, असं कोणी सांगू नये. डबा पोचतो, पण त्याच्याबरोबर माणूस येत नाही.

तेव्हा या रविवारी नाचणी पेरा. म्हणजे चोवीस तारखेपर्यंत बोटभर वाढेल. चांदणीच्या संध्याकाळी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलवा, ज्यांच्याशी पार्किंगवरून अबोला आहे त्यांनाही. आणि चोवीसच्या रात्री तुम्ही मध्यरात्रीच्या मिस्साला जाल तेव्हा गेटवर जो पहारेकरी बसलेला असेल, त्याचं ताट संध्याकाळीच काढून ठेवा. त्याला नावाने हाक मारून द्या. नाव माहीत नसेल तर आज खाली उतरून विचारा.