आजोबांच्या रायफलीवर रेल कशी बसवावी
(कर्जत-खालापुरातल्या नवशिक्या शिकाऱ्यांसाठी)

अभिनंदन! कशेळ्याच्या पुढे दीड एकर झालं. सातबाऱ्यावर नाव चढलं, म्हणजे तुम्ही शेतकरी झालात. तारेचं कंपाउंड झालं, हापूसची बारा कलमं लागली, स्विमिंग पूल भरला. आता दिवाणखान्यात आजोबांची रायफल टांगली आहे आणि शनिवारी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "चालते का हो?" या प्रश्नावर एकच भारदस्त उपाय आहे. तिच्यावर स्टीलची रेल बसवा. रेल म्हणजे स्कोप धरून ठेवणारी खाचांची पट्टी. कर्जत लोकलशी तिचा संबंध नाही, हे वॉचमनला आधीच सांगा.

१. आधी जनावर ठरवा. जाणकार इथूनच सुरुवात करतात. भीमाशंकरच्या जंगलात शेकरू आहे, पण तो राज्यप्राणी. भेकर, साळिंदर, ससा, मोर ही सगळी मंडळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत बसली आहेत आणि शिकारीची शिक्षा वर्षांत मोजतात. उरला उंदीर. उंदराला आजोबांची ३१५ बोअरची रायफल जरा जास्त होते हे खरं, पण नवशिक्याने खचून जाऊ नये.

२. धातू निवडा. अ‍ॅल्युमिनियमची रेल हलकी असते. स्टीलची जड, पण गोळीमागून गोळी झाडली आणि धक्के बसले तरी जागची हलत नाही. तुम्ही एकही गोळी झाडणार नाही आहात, म्हणून स्टीलच घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा तिला गंज चढेल. दर रविवारी तेलाचा बोळा फिरवा. रायफलीला नाही, निदान तुम्हाला तरी काम मिळेल.

३. जात विचारून घ्या. रेलमध्ये दोन घराणी: वीव्हर आणि पिकॅटिनी. पिकॅटिनी हे न्यू जर्सीतल्या शस्त्रागाराचं नाव. अमेरिकन लष्कराने १९९५ मध्ये या रेलचं माप कायम केलं. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेपासून दुसरी १०.०१ मिलिमीटरवर. वीव्हरची खाच याहून अरुंद. त्यामुळे वीव्हरचा माल बहुधा पिकॅटिनीवर बसतो, उलटं जमेलच असं नाही. पार्टीत 'पिकॅटिनी' हा शब्द सावकाश उच्चारा. पाहुण्यांना तो इटालियन पदार्थ वाटेल. वाटू द्या.

४. उतार मागा. दुकानदार विचारेल, "सपाट देऊ की वीस मिनिटांची?" वीसच सांगा. हे मिनिट घड्याळाचं नाही, कोनाचं; एक मिनिट म्हणजे शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, आणि वीस मिनिटांचा उतार लागतो तो किलोमीटरभर लांबच्या नेमाला. तुमचं दीड एकर अगदी चौरस धरलं तरी एक बाजू ऐंशी मीटर भरत नाही. त्यापुढे दुसऱ्याची भातखाचरं लागतात. पण ते दुकानात बोलायचं नसतं.

५. भोकं पाडा. आजोबांची रायफल ईशापूरच्या कारखान्यातली, ली-एन्फिल्डच्या वंशातली. तिच्या जन्माच्या वेळी स्कोपचा विचार कुणी केला नव्हता. म्हणजे ड्रिल मारून आटे पाडणं आलं. त्यासाठी खोपोलीहून गेटचं ग्रिल करून देणाऱ्याला बोलावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. कारागीर स्क्रू टॉर्कच्या पान्याने, मोजून वीसेक इंच-पौंडांवर आवळेल. मनगटाच्या जोरावर आवळलात तर आटे जातील. आजोबांना वाईट वाटेल, समजू शकतो. पण त्यांच्याकडे फार्महाऊस कुठे होतं?

६. कागद सांभाळा. परवाना आता पाच वर्षांचा मिळतो आणि २०१९ पासून माणशी शस्त्रं दोनच. निवडणुका आल्या, आचारसंहिता लागली, की रायफल ठाण्यात जमा करा असं पत्र येऊ शकतं. घाबरू नका. रेल उतरवून घरीच ठेवा आणि पाहुण्यांना नुसती रेल दाखवा. कौतुक तेवढंच होतं.

७. नेम जुळवा. रेल बसली, स्कोप चढला, आता गोळी झाडून नेम जुळवायला हवा. तो परवानगी असलेल्या रेंजवरच जुळवतात, पूलच्या कडेला बसून नव्हे. दहा मीटरच्या स्पर्धेत आपली शाळकरी मुलं छऱ्याच्या रायफलीने, स्कोप न लावता, बारीकशा ठिपक्यावर नेम धरतात. त्यांच्याकडे फार वेळ पाहू नका. नवशिक्याचा आत्मविश्वास नाजूक असतो.

८. रात्रीची राखण करा. ही शेवटची पायरी, आणि इथे खरंच एक जनावर येतं. शेजारच्या मामांच्या खाचरात कर्जत-३ पिकायला आलेला असतो. वाण इथल्याच भात संशोधन केंद्राचा. रानडुकरांचा कळप डोंगरातून उतरतो, तुमच्या तारेला धडकतो, वळतो आणि मामांच्या भातात शिरतो. मामा माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतात. शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं, तेही परवाना काढून. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी. मामांकडे दोन्ही नाहीत. डबा आहे.

डब्याच्या आवाजाने पाहुण्यांची झोपमोड होते, म्हणून तुम्ही तक्रार करायला बाहेर याल. आलातच आहात, तर एक करा. सकाळी मामांच्या बांधावर जा, तुडवलेल्या भाताचे फोटो काढा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावून द्या. पंचनामा झाला तर नुकसानभरपाई मिळू शकते, पण अर्ज लिहून द्यायला कुणीतरी लागतं. तुमच्याकडे पेन आहे, रविवार मोकळा आहे. आणि सातबाऱ्यावर तुम्हीही शेतकरीच आहात.