मांडवातील मुसव्विर

विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक असून त्यास वधू, वर, अग्नी आणि उपाध्याय एवढ्यांची उपस्थिती पुरेशी आहे, असे आमचे धर्मशास्त्र मोठ्या भोळेपणाने समजत आले. परंतु नांदेड-लातूरकडील मंगल कार्यालयांची विस्तीर्ण आवारे, त्यांतील लखलखणारे एलईडीचे पडदे, मांडवावर घिरट्या घालणारा ड्रोन आणि मुहूर्त टळून तास उलटला तरी ध्वनिक्षेपकावरून अव्याहत चाललेले मान्यवरांचे सत्कार ज्याने पाहिले आहेत, त्याला या चौघांपैकी निदान पहिल्या दोघांवाचूनही समारंभ यथासांग पार पडेल याविषयी तिळमात्र संशय उरत नाही. या संभारात आता एका नव्या हुद्द्याची भर पडू पाहत आहे. पाहुण्यास समोर बसवून पाच-दहा मिनिटांत जलरंगांमध्ये त्याची छबी उतरवून देणारा चित्रकार लग्नात तैनात करण्याची चाल पाश्चात्त्य देशांत पडली, तेथून ती आमच्या महानगरांत आली, आणि महानगरांत जे एकदा झाले ते लातुरात झाल्यावाचून राहत नाही. पाहुण्याची करमणूक व्हावी आणि निरोप घेताना त्याच्या हाती काही आठवण राहावी, असा तिचा दुहेरी हेतू सांगतात. हेतू निर्मळ आहे; तो आमच्या मांडवात शिरल्यावर कितपत निर्मळ राहतो, एवढाच प्रश्न.

लग्नाशी चित्राचा संबंध मराठी मुलखाला नवा आहे असेही नाही. पालघरकडील वारली कुटुंबांत सुवासिनींनी भिंतीवर चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. मात्र त्या चौकात पालघट देवी असते, पाहुणे नसतात, आणि म्हणूनच कोणी रुसत नसावे. 1783 साली पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न झाले, तेव्हा नाना फडणिसांसारखा बारकाव्यांचा माणूस सरबराईवर जातीने नजर ठेवून होता. परंतु ज्याने पुढे त्याच पेशव्याची तसबीर रंगविली, तो जेम्स वेल्स मुंबईस उतरला 1791 साली, म्हणजे लग्नास आठ वर्षे उशिरा. (आमच्याकडील पुढाऱ्यांच्या मानाने हा काही फार उशीर नव्हे.) आमचा मराठवाडा 1948 पर्यंत ज्या दौलतीत होता, तिच्या सहाव्या निजामाने लाला दीनदयाळ या आपल्या छायाचित्रकारास ‘मुसव्विर जंग’ असा किताब बहाल केला होता. लालाजींच्या वाट्याला जंग नावापुरताच आला. आमच्या मांडवातील मुसव्विरास, म्हणजे चित्रकारास, तो प्रत्यक्ष लढावा लागणार आहे.

कारण ज्या देशांतून ही चाल आली, तेथे ऐंशी-शंभर पाहुणे म्हणजे थाटाचे लग्न. आमच्याकडे एवढी माणसे पत्रिकेच्या तळाशी ‘व्यवस्थापक’ आणि ‘प्रेषक’ या सदरांतच खर्ची पडतात. दोन हजार पाने उठणारे लग्न घ्या, माणशी पाच मिनिटे धरा आणि त्रैराशिक मांडा: दहा हजार मिनिटे, म्हणजे अहोरात्र बसले तरी जवळजवळ सात दिवस. अखंड हरिनाम सप्ताहाची परंपरा ज्या प्रदेशात गावोगाव नांदते, तेथे अखंड चित्रसप्ताह अशक्य नाही. पण कार्यालय दुसऱ्या दिवशी पहाटे रिकामे करून द्यावयाचे असते. तेव्हा तीन तासांत छत्तीस मुखे, हाच हिशेब उरतो. आणि दोन हजारांतून छत्तीस निवडावयाचे म्हटले की करमणूक संपते व मानपान सुरू होतो.

चित्रकाराचे मेज चाटच्या काउंटरच्या आणि आहेर लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या मध्ये मांडलेले असते. बिचारा शहरातून ताव, कुंचले आणि रंगांच्या वड्या घेऊन येतो. पण मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांवर गेला की पाण्यात कालवलेला गालाचा गुलाबी रंग पसरायच्या आत कागदावर वाळून त्याचा डाग होतो, आणि म्हणून मेज कूलरपाशी सरकवावे, तर कागद उडतो व उडाला नाही तर तुषार बसून ज्याचे चित्र चालले आहे त्याला देवीचे व्रण येतात. अशा स्थितीत तो पहिल्या पाहुण्याच्या नाकापर्यंत पोहोचतो न पोहोचतो, तोच खांद्यावर हात पडतो. “ओ पेंटर, ते राहू द्या, आधी आमच्या दाजींचं घ्या. मघापासून रुसून बसलेत.” दाजी येतात, बसतात, आणि आपले चित्र दाजी म्हणून नव्हे तर सोसायटीचे चेअरमन म्हणून निघावे अशी मुद्रा करतात. “जरा गोरं येऊ द्या,” एवढीच सूचना. त्यांच्यामागे मुलाचे मामा उभे, मामांच्या मागे मुलीचे मामा, आणि दोन मामांत आधी कोण, हा प्रश्न सुटेपर्यंत चित्रकाराच्या रंगातले पाणी आटून जाते. काकूंचे निराळेच. चेहरा राहिला तरी चालेल, पण बोरमाळ आणि एकदाणी मणी न मणी दिसली पाहिजे; पाच मिनिटांतील चार सोन्यावर जातात, आणि उरलेल्या एकात जे मुख निघते ते कोणाही काकूंचे असू शकते.

आणि अखेर ज्यांची वाट पाहत मुहूर्त खोळंबला होता, ते माननीय येतात. त्यांचे मुख जिल्ह्यातील प्रत्येक चौकात फ्लेक्सवर पंधरा फूट उंचीने टांगलेले असल्यामुळे ते पुन्हा काढण्याचे वस्तुतः प्रयोजन नाही. तथापि छत्तीसपैकी पहिला अंक त्यांच्या नावे मुक्रर असतो, आणि ते बसत नाहीत, उभेही राहत नाहीत, भ्रमणध्वनीवर बोलत चालतच असतात.

वधूवरांचे काय, असे कोणी विचारील. व्हेरोनीज नावाच्या चित्रकाराने 1563 साली व्हेनिसमधील एका मठाच्या भोजनगृहासाठी काना गावच्या लग्नाचे चित्र पुरे केले. त्यास पंधरा महिने लागले, त्याची रुंदी जवळजवळ 10 मीटर, त्यात सुमारे 130 माणसे, आणि ते सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, कारण 1797 साली नेपोलियनच्या फौजेने ते आहेरातल्या भांड्यासारखे उचलून नेले. या लग्नात येशूने सहा रांजण पाण्याची द्राक्षमदिरा केली, अशी कथा. ज्या लातुरास 2016 साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील यजमानाला सहा रांजण भरलेले होते हाच त्यातील खरा चमत्कार वाटेल. परंतु सांगावयाचे ते निराळे. त्या अवाढव्य चित्रात तालेवार मंडळी आहेत, वाढपी आहेत, वाजंत्री आहेत, आणि नवरानवरी मेजाच्या अगदी डाव्या टोकाला, कडेला, बसविलेली आहेत. व्हेरोनीज अहमदपुरास किंवा देगलुरास कधी आला नव्हता, हे खरे वाटत नाही.

हे सारे एक वेळ निभावून नेता येईल. खरी अडचण अर्थशास्त्रीय आहे. आमच्याकडील आहेर ही देण्याची वस्तू नसून फिरण्याची वस्तू आहे. टोपी-टॉवेल घ्या. यजमान तो पाहुण्याच्या खांद्यावर टाकतो, पाहुणा तो घडी न मोडता कपाटात ठेवतो, पुढच्या लग्नात तोच दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि अशा रीतीने एकेक टॉवेल कोणाचेही अंग न पुसता मुखेड, कंधार, लोहा, औसा अशी परिक्रमा करीत कधी कधी मूळ मालकाच्याच खांद्यावर येऊन विसावतो. भिंतीवरची घड्याळे, स्टीलचे डबे, कापडांचे पीस, सर्वांची हीच गती. या चलनावर शेकडो घरांची अब्रू उभी आहे. अशा व्यवस्थेत, ज्यावर घेणाऱ्याचेच तोंड रंगविलेले आहे आणि म्हणून जे दुसऱ्या कोणासही देता येत नाही, असे चित्र आहेर म्हणून शिरले, तर तो परत न येणारा पैसा झाला. शहाणी माणसे कुरकुरू लागली होती ती याचसाठी, आणि ती योग्यच होती.

परंतु गरज ही कलेचीही जननी आहे. छत्तीसांचे छत्तीसशे कसे करावे या विवंचनेत असलेल्या चित्रकाराच्या ध्यानात आले की, लग्नात यजमान सर्व मान्यवरांस एकाच रंगाचे फेटे बांधतो. तेव्हा त्याने आदल्या रात्रीच शेदीडशे ताव अंथरून त्यांवर गुलाबी फेटा, त्याचा सोडलेला शेमला, खाली पांढऱ्या सदऱ्याची कॉलर असे चितारून ठेवण्याचा प्रघात पाडला. मध्ये तेवढी अंड्याच्या आकाराची कोरी जागा. दुसऱ्या दिवशी तीत दोन भिवया आणि एक मिशी भरली की पाहुणा तयार. वेळ माणशी दीड मिनिट. मामांचे भांडण मिटले, दाजींचा रुसवा निघाला, आणि कोणाचे चित्र कोणाला दिले याचा तपास करण्याची कोणास गरज भासली नाही, कारण सगळेच आपापले चित्र पाहून तृप्त होते.

परिणामी व्यवस्था पूर्ववत सुरळीत झाली. मागल्या लगीनसराईत लोह्याकडील कोण्या दाजींची काढलेली तसबीर तुळशीच्या लग्नानंतर उदगीरकडे टोपी-टॉवेलाच्या जोडीने एका आबांच्या हाती पडली. आबांनी चष्मा लावून ती उजेडात धरली, फेटा पाहिला, मिशी पाहिली, “मी कवा बसलो होतो बरं याच्याम्होरं?” एवढेच स्वतःशी पुटपुटले, आणि खिळा-हातोडी आणायला नातवाला पिटाळले.